आमच्या घरातले संगमनेर स्टेशन

संगमनेरला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नाशिक रोड, कोपरगाव, नाहीतर श्रीरामपूरचे बेलापूर स्टेशन गाठावे लागते. दौंड-मनमाड लाइन इंग्रजांच्या काळातच आपल्या जिल्ह्यातून गेली, पण पूर्वेच्या अंगाने. प्रवराकाठचे आमचे गाव एसटीच्या भरवशावर राहिले. माझे सासरे, म्हणजे अब्बा, त्याच एसटीत तीस वर्षे ड्रायव्हर होते. अशा घरात रेल्वेचे वेड शिरले ते पुण्यातून.

चार वर्षांपूर्वी सुटीत मुलाला आम्ही कोथरूडचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवायला नेले. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याआधी ते आपली छोटी रेल्वे प्रदर्शनांतून मांडत असत. पण दर वेळी सगळे उचलून न्यायचे, पुन्हा जोडायचे, हे फार जिकिरीचे काम. म्हणून मग कायमची जागा केली. तिथे दिवे मालवून रात्र करतात आणि छोट्या शहरात खिडक्या उजळतात. मुलगा परतीच्या बसमध्ये नारायणगावपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "अम्मी, आपल्या घरी एक लाइन टाकू या ना."

दोन ईदची ईदी आणि त्याच्या अब्बूंनी घातलेली भर, यातून एक इंजिन, दोन डबे आणि थोडे रूळ आले. माप 1:87, म्हणजे खरी वस्तू 87 पट लहान केलेली. आपला निळा डबा सुमारे 21 मीटर लांब, तो या मापात साधारण साडेचोवीस सेंटीमीटर होतो. गंमत अशी की आपले ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर रुंद. भाग दिला तर रुळांत सव्वाएकोणीस मिलिमीटरचे अंतर हवे. बाजारात मिळतात ते रूळ साडेसोळाचे, कारण ते परदेशी रेल्वेच्या रुंदीवरून काढलेले. मुलाने हा हिशेब स्वतः केला. भागाकाराचा कंटाळा करणाऱ्या पोराने!

पहिली मांडणी सहा बाय चार फुटांच्या प्लायवर झाली आणि महिनाभरात मोडली. जागा वाचवायला त्याने वळणे फार आवळली होती. या मापाच्या रुळांचे वळण निदान 18 इंच त्रिज्येचे हवे, त्याहून कमी केले की लांब डबे बाहेर फेकले जातात. शिवाय प्लाय साधा होता, खाली आडव्या पट्ट्या नव्हत्या. पावसाळ्यात तो फुगला आणि रुळांना पोक आले.

दुसऱ्या वेळी हट्ट होता चंदनापुरी घाटाचा. गाडीने चढावे, पुलावरून जावे, खाली प्रवरा असावी. थर्माकोलचा डोंगर झाला, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेले कापडाचे तुकडे आले, लाकडाचा भुसा रंगवून गवत झाले. आणि इंजिन चढावर जागच्या जागी चाके फिरवत राहिले. माझे मिस्टर मोटर वाइंडिंगचे काम करतात. त्यांनी कागदावर मांडून दाखवले. एका गाडीखालून दुसरी जायची तर तीन इंच उंची हवी. चढ शंभराला तीन इतकाच ठेवायचा, तर तेवढ्यासाठी शंभर इंच, म्हणजे आठ फुटांवर लांबी लागते. खाली उतरायलाही तेवढीच. आमची फळीच सहा फुटांची! खऱ्या बोरघाटातही चढ 1:37 पर्यंत होता, म्हणजे शंभराला पावणेतीनच्या आसपास, आणि तिथे एकेकाळी गाडीची दिशा उलटवून पुढे जावे लागे. मुलगा रडकुंडीला आला. अब्बा खाटेवरून म्हणाले, "गाडी वर चढत नाही ना? मग नदी खाली घे की."

तेच केले. प्लाय कापला, रूळ सपाट ठेवले आणि नदीचे पात्र चार इंच खाली बसवले. पूल आपोआप झाला. मला विचाराल तर ड्रायव्हर माणसाची ही समज पुस्तकात सापडत नाही.

आमच्यासारख्या घरांसाठी थोडे कामाचे. फळी दोन तुकड्यांत करा आणि बिजागरी लावा, म्हणजे रमजानमध्ये पाहुणे आले की कपाटामागे उभी करता येते. खडी चिकटवायला फेविकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला. वीज 12 व्होल्टची आणि ती रुळांतूनच जाते, त्यामुळे दर तीन-चार फुटांवर खालून वायर जोडा, नाहीतर लांब गेलेली गाडी मंदावते. फोडणीचा तेलकट थर रुळांवर बसला की इंजिन अडखळते. ते पुसायला मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले, तेव्हा सासूबाईंनी बाटलीवरचे नाव नातवाकडून वाचून घेतले आणि घरात दोन तास अबोला होता. ते पिण्याचे नसते, इंजेक्शनआधी कापसाने लावतात त्यातलेच आहे, हे पटवायला शेजारच्या डॉक्टरांना बोलवावे लागले. खिडक्या मात्र उघड्या ठेवा, ते पेट घेते.

दुसऱ्या मांडणीत मुलाने पिवळी पाटी लावली, संगमनेर. तेव्हा पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा घरोघरी होती. महारेलने आखलेला सुमारे 235 किलोमीटरचा तो मार्ग आपल्या गावावरून जाणार होता. पुढे नारायणगावजवळ खोडदला असलेल्या दुर्बिणीचा प्रश्न आला. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात आणि विजेवरच्या गाड्यांमुळे त्यात गोंगाट होतो. मार्ग अहिल्यानगर-शिर्डीकडून नेण्याचे ठरू लागल्याची बातमी आली. गावात निवेदने गेली, आंदोलने झाली. मुलगा तेरा वर्षांचा. त्याने बातमी वाचली आणि विचारले, "अम्मी, पाटी काढू का?"

मला उत्तर सुचले नाही. खोडदच्या शास्त्रज्ञांवर राग धरावा असे नाही. पण कांदा, डाळिंब, दूध पिकवणाऱ्या तालुक्याला गाडी नको का, हाही प्रश्न खोटा नाही. मिस्टर म्हणाले, काढू नकोस. सासूबाई म्हणाल्या, नकाशात नाही ते घरात कशाला? अब्बा काहीच बोलले नाहीत.

यंदा पावसाळ्याआधी तिसरी मांडणी सुरू झाली, कारण जुन्या फळीला वाळवी लागली. सगळे उचकटले. रूळ पुसून वर्तमानपत्रात गुंडाळले, नदी फुटली, झाडे बुटाच्या खोक्यात गेली. पाटीही त्यातच. नव्या फळीखाली उभ्या-आडव्या पट्ट्या मारल्या, कडांना तेलरंग दिला. रूळ बसले, वायर जोडली, गाडी तीन फेऱ्या न अडखळता फिरली. स्टेशनची जागा मात्र मोकळीच होती.

परवा मगरिबनंतर पाहिले, तर अब्बा चष्मा लावून फळीपाशी बसलेले. काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची त्यांनी लाल एसटी केली होती, दोन्ही बाजूंना बारीक अक्षरांत "संगमनेर आगार" लिहिलेली. ती मोकळ्या जागेसमोर उभी करून ते नातवाला म्हणाले, "स्टेशन कुठे आहे रे? पॅसेंजर उतरवायचे आहेत."

मुलगा खोके आणायला आत गेला.