घरच्या संगणकावर रोजची ओळखपरेड

संगणक आपल्या घरातला. टेबल आपले, खोली आपली, पासवर्डही आपणच ठरवलेला. काल रात्री याच खुर्चीत बसून याच खात्यातली पत्रे वाचली. आज सकाळी पासवर्ड अचूक टाकला, तरी पडद्यावर पुन्हा तोच हुकूम : हे तुम्हीच आहात, हे सिद्ध करा! मोबाईलवर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो टाका. खाली एक छोटा चौकोन असतो, 'या संगणकावर पुन्हा विचारू नका'. त्यावर आपण इमानाने टिक करतो. चार दिवसांनी पुन्हा विचारणा होतेच. मग हा चौकोन ठेवला तरी कशासाठी?

सुरक्षितता नको, असे येथे कोणीही म्हणत नाही. पासवर्ड चोरीला जातात, सायबर कॅफेत खाते उघडे राहून जाते, या गोष्टी खऱ्याच आहेत. कार्डाने इंटरनेटवर पैसे भरताना दुसरी पडताळणी हवीच, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला. त्यामुळे सामान्य माणसाच्या पैशाला संरक्षण मिळाले. पैसे पाठवताना दर वेळी विचारा, आमची हरकत नाही. पण घरी बसून साधे पत्र वाचायचे, अर्जाची स्थिती पाहायची, तर तेथेही संशयिताची वागणूक का?

यामागचे तंत्र समजून घेतले पाहिजे. चौकोनावर टिक केली की संकेतस्थळ आपल्या ब्राऊझरमध्ये एक खूण ठेवते. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ती खूण दिसली की संगणक ओळखीचा ठरतो. पण सफाईच्या प्रोग्रामने कुकी पुसली, ब्राऊझर बदलला, खासगी विंडो उघडली, की ओळख संपली. शिवाय चोरांनी ही खूणच पळवण्याचे प्रकार केल्यामुळे मोठ्या सेवा केवळ तिच्यावर विसंबत नाहीत. इंटरनेटचा पत्ता कोणता, गाव कोणते, हेही त्या तपासतात. अन् खरी गोम येथेच आहे. ज्याच्या घरी ब्रॉडबँडची तार आली आहे, त्याचा पत्ता बराच काळ तोच राहण्याची शक्यता जास्त. ज्याचा संगणक मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतो, त्याचा पत्ता सारखा बदलतो. शेकडो अनोळखी ग्राहकांसोबत तो एकाच पत्त्यामागे उभा असतो. माणूस त्याच खोलीत बसलेला असला तरी यंत्राला तो भलत्याच शहरात दिसू शकतो. म्हणजे ज्याची जोडणी स्वस्त, त्याच्यावरच संशय अधिक!

आणि कोड येतो कोणाच्या मोबाईलवर? या व्यवस्थेने गृहीत धरले आहे की प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाईल आहे आणि तो त्याच्या हातातच आहे. आपल्या वस्तीतले घर तसे नसते. खाते मुलीचे, नोंदवलेला क्रमांक वडिलांचा, आणि वडील पाळीवर. मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी बसली की वडिलांना फोन करते, वडील हातातले काम टाकून संदेश उघडतात, आकडे मोठ्याने वाचून दाखवतात. तेवढ्यात मुदत संपून कोड बाद झालेला असतो. पुन्हा फोन, पुन्हा साहेबाची नजर चुकवणे. गंमत पाहा, त्याच संदेशात 'हा कोड कोणालाही सांगू नका' असे लिहिलेले असते. न सांगता काम होत नाही, आणि सांगू नका म्हणून बजावायचे! उद्या एखादा ठग गोड आवाजात फोन करून कोड विचारेल, तेव्हा फोनवर आकडे सांगायची सवय या घराला आधीच लागलेली असेल. ही सवय कोणी लावली?

वारंवार विचारल्याने माणूस सावध होत नाही, कंटाळतो. २०२२ च्या सप्टेंबरात उबर या बलाढ्य कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली. कंत्राटावर काम करणाऱ्या एका व्यक्तीचा पासवर्ड हल्लेखोराच्या हाती लागला होता. तो पुन्हा पुन्हा लॉग-इन करत राहिला, आणि दर वेळी त्या व्यक्तीच्या मोबाईलवर परवानगीची विचारणा येत राहिली. अखेर एका विचारणेला तिने होकार दिला आणि दार उघडले. ही हकीकत कंपनीनेच जाहीर केली आहे. कुलूप होते, पहारेकरीही होता. परंतु तो इतक्या वेळा हाक मारू लागला की माणसाने त्रासून 'हो' म्हटले.

म्हणून मागणी साधी आहे. पुन्हा विचारायचेच असेल तर कारण सांगा : कुकी पुसली गेली, की पत्ता बदलला, की खरोखरच कोणी परका शिरू पाहतो आहे. वाचण्यासाठी एक कसोटी ठेवा, पैसे हलवण्यासाठी आणि पासवर्ड बदलण्यासाठी दुसरी, कडक. एका घरात एक मोबाईल असतो, हे ध्यानात घेऊन रचना करा. रिझर्व्ह बँकेनेसुद्धा सप्टेंबर २०२५ मधल्या निर्देशांत दोन टप्प्यांची पडताळणी कायम ठेवून, एसएमएसच्या ओटीपीशिवाय अन्य मार्गांना वाव दिला आहे. त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली गेली. बँकांना जे जमते ते इतरांना का जमू नये?

तोवर घरच्या घरी काही करता येते. संगणकावर प्रत्येकाचे वेगळे युजर खाते ठेवा; सफाईच्या प्रोग्रामला कुकी पुसू देऊ नका. संकेतस्थळ परवानगी देत असेल तर एसएमएसऐवजी कोड तयार करणारे ॲप घ्या. ते घड्याळावर चालते, दर तीस सेकंदांनी नवा कोड देते आणि त्याला रेंज लागत नाही. काही सेवा राखीव कोडची यादी देतात. ती कागदावर उतरवून कपाटात, दाखल्यांच्या फाईलमध्ये ठेवा. वडील पाळीवर असले तरी मुलीचे काम अडणार नाही. आणि स्वस्त योजनेसाठी सिम बदलणार असाल तर आधी प्रत्येक खात्यात नवा क्रमांक नोंदवा. बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. मग तुमच्या घरच्या खात्याचे कोड त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागतील.