रक्ताच्या उगमाशी होणारा दोष

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. यंत्रांचे सुटे भाग, धातूंवरील मुलामा, रंगकाम, तयार कपडे अशा नाना व्यवसायांचे हजारो लहानमोठे कारखाने येथे आहेत आणि अनेक राज्यांतून आलेल्या कुटुंबांची चूल त्यांच्यावर पेटते. साच्यातच दोष शिरला, तर त्यातून निघणारा प्रत्येक नग सदोष निघतो, हे येथील कामगाराला सांगावे लागत नाही. वाचकहो, आपल्या देहातही असाच एक कारखाना अहोरात्र चालू असतो आणि त्यालाही हाच नियम लागू पडतो.

हा कारखाना म्हणजे हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा. तेथील मूलपेशींपासून रक्तातील सर्व पेशी निर्माण होतात. तांबड्या पेशीच दररोज सुमारे २०,००० कोटी! वय वाढते तसे प्रत्येक मूलपेशीच्या जनुकद्रव्यात वर्षाला सरासरी १७ सूक्ष्म बदल साचत जातात. यांनाच उत्परिवर्तने म्हणतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु टीईटी-२ किंवा डीएनएमटी-३ए यांसारख्या जनुकात बदल घडला, तर ती पेशी आपल्या भावंडांहून जोमाने वाढू लागते आणि रक्तात तिचाच वंश बळावतो. सत्तरी ओलांडलेल्या सुमारे दर दहांपैकी एका व्यक्तीत असा वंश आढळतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

एक दोष, दोन व्याधी

या वंशातील पांढऱ्या पेशी रोगजंतू नसतानाही दाह उत्पन्न करणारी द्रव्ये अधिक प्रमाणात सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा पोहोचते व हृदयविकाराचा धोका वाढतो. शिवाय दाहाच्या वातावरणात सदोष पेशी अधिकच फोफावतात. असे हे दुष्टचक्र आहे. २०२० मध्ये ‘वेक्सास’ नावाची व्याधी प्रथम ओळखली गेली. बहुधा पन्नाशीपुढील पुरुषांना वारंवार ताप येणे, अंगावर पुरळ उठणे, कानाच्या कूर्चेला सूज येणे ही तिची लक्षणे. आणि मूळ मात्र मूलपेशीतील यूबीए-१ या एकाच जनुकात!

त्याच वंशात पुढे आणखी उत्परिवर्तनांची भर पडली, तर रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो. तथापि घाबरून जाण्याचे कारण नाही. असा वंश असलेल्यांपैकी वर्षाला शंभरात सुमारे एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना हा रोग होतो. बहुसंख्यांना तो कधीच होत नाही.

कामाच्या जागी दक्षता

वय कोणालाही रोखता येत नाही. परंतु मूलपेशींवरील काही आघात टाळता येतात. तंबाखूचे धूम्रपान हा त्यांतील एक. बेंझीन हा दुसरा. इस्तंबूलमधील बंद खोल्यांत बेंझीनयुक्त गोंदाने पादत्राणे जोडणाऱ्या कामगारांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट असल्याचे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या २००१ मधील दुर्घटनेत धूर व धूळ यांना तोंड दिलेल्या अग्निशामक जवानांत मूलपेशींची अशी उत्परिवर्तने अधिक आढळतात, असे २०२२ मध्ये दिसून आले. आपल्या देशातही १९४८ च्या कारखाना कायद्याने बेंझीनची विषबाधा शासनास कळविणे बंधनकारक केले होते.

पेट्रोलमध्ये बेंझीन थोडे असतेच; निकृष्ट थिनरमध्येही ते असू शकते. म्हणून पीण्यातील असो वा आपल्या गावातील, कामगाराने पेट्रोलने हात किंवा सुटे भाग धुऊ नयेत. रंगकाम हवेशीर जागी करावे, डबा कामाच्या जागेपासून दूर उघडावा. वाफ बाहेर खेचणारा पंखा बसविणे हे मालकाचे कर्तव्य आहे; तो खर्च वाया जाणारा नव्हे.

सतत थकवा, वारंवार ताप, अंगावर विनाकारण उमटणारे काळेनिळे डाग यांकडे दुर्लक्ष करू नये. रक्तपेशींची साधी गणना अल्प खर्चात होते. आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर केवळ दुखणे सांगून थांबू नये. आपण कोणते काम करतो, कोणती द्रव्ये हाताळतो, हेही अवश्य सांगावे. योग्य निदानाचा धागा पुष्कळदा तेथेच सापडतो.