टीव्हीचा आवाज मागच्या ओळीपर्यंत

गटाच्या खोलीतला टीव्ही मोठा, पण मागं बसलेल्या आजींना शब्दच कळेना. नवं होम थिएटर घ्यायला निघालोच होतो, तेवढ्यात माळ्यावरचा टेपच्या जमान्यातला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आठवले. टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांची जागा नव्हती, नुसतं 'ऑप्टिकल' होतं. म्हणून मधे लावायला छोटा कन्व्हर्टर आणला. प्लग काढून सगळं जोडलं, चालू केलं, तरी आवाज नाही! टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलं, तेव्हा आला. स्पीकरची लाल वायर लालला, काळी काळीला. एकाचीच उलटी लागली तर आवाज पोकळ येतो. स्पीकर बसलेल्या बाईच्या कानाएवढे उंच ठेवले. आता आजी म्हणतात, जरा बारीक करा गं.