बाहेर जेवताना पथ्य कसे सांभाळावे?

स्टेशनजवळच्या टपरीवर आपण चहा मागतो, तेव्हा चहावाला मोठ्या पातेल्यातला तयार चहा गाळून देतो. साखर त्यात आधीच पडलेली असते. कप हातात आल्यावर ‘साखर नको होती’ असे म्हणून उपयोग नसतो, कारण विरघळलेली साखर कोणालाच काढता येत नाही. पण तोच माणूस, आधी सांगितले तर, लहान भांड्यात बिनसाखरेचा चहा वेगळा उकळून देतो. बाहेर खाताना पथ्य पाळण्याचे सगळे मर्म या एका चहात आहे. कोणता पदार्थ आपण मागण्याआधीच तयार असतो आणि कोणता मागितल्यानंतर तयार होतो, एवढे ज्याला ओळखता आले त्याचे अर्धे काम झाले.

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो, तिरोडीत राहणाऱ्यांना एरवी हा प्रश्न पडत नाही. घरी वरण-भात-भाजी असते, खाणीवर पाळीला जाणारा माणूस घरचा डबा नेतो. प्रश्न येतो तो तब्येतीसाठी बाहेरगावी जावे लागते तेव्हा. बालाघाटला किंवा गोंदियाला तपासणी असते, नाहीतर तुमसर रोडला गाडी बदलून नागपूर गाठायचे असते. सकाळी निघालेला माणूस रात्री परततो. म्हणजे ज्याला पथ्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच त्या दिवशी हॉटेलात जेवावे लागते.

न सांगण्याची किंमत

माझे भाऊजी मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. काही वर्षांपूर्वी त्यांना घेऊन मी नागपूरला गेलो होतो. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ‘आता जेवायचेच आहे’ म्हणून त्यांनी सुई टोचून घेतली आणि मग आम्ही हॉटेल शोधायला निघालो. पहिल्या हॉटेलात गर्दी होती. दुसऱ्यात जागा मिळाली, पण जेवण यायला पाऊण तास लागला. तोपर्यंत त्यांचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला आणि ते असंबद्ध बोलू लागले. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी ओळखले आणि पाण्यात साखर ढवळून प्यायला दिली. नंतर मी विचारले, ‘वेटरला लवकर आणायला का सांगितले नाही?’ ते म्हणाले, ‘चार लोकांत आजार कशाला सांगायचा?’

ताकाला जाऊन भांडे लपवावे, तशी आपल्यातल्या बऱ्याच जणांची गत होते. कोणी लाजेपोटी उपाशी राहतो, तर कोणी ‘एक दिवसाने काय होते’ म्हणून सगळेच खातो. दोन्ही वागण्यांत धोका आहे, आणि दोन्ही टाळता येतात.

हॉटेलचे स्वयंपाकघर कसे चालते?

दहा मिनिटांत भाजी टेबलावर येते याचे कारण ती सकाळीच अर्धी झालेली असते. कांदा, टोमॅटो, तेल, मीठ आणि मसाला घालून लाल ग्रेव्ही मोठ्या भांड्यात करून ठेवतात. काजू किंवा मगजबीची पांढरी ग्रेव्ही वेगळी असते. मटर पनीर मागा, कोफ्ता मागा किंवा मिक्स भाजी मागा, बहुतेक वेळा तळाशी हीच ग्रेव्ही असते. त्यामुळे ‘मीठ कमी टाका’ असे सांगितले तरी आचारी फक्त वरचे मीठ टाळू शकतो. आतले मीठ आणि तेल तसेच राहते.

आधी तयार असणाऱ्या पदार्थांत ग्रेव्हीच्या भाज्या, पातेल्यातला रस्सा, पोह्यांवरची तर्री, सांबार, चटण्या, भिजवलेली कणीक आणि इडली-डोशाचे पीठ हे सगळे येते. मागितल्यावर तयार होणाऱ्यांत साध्या वरणाची फोडणी, कोरडी परतलेली भाजी, अंड्याचे आमलेट, कापलेली काकडी आणि बिनसाखरेचा चहा येतो. उकडलेले अंडे, बिनमिठाचे दही आणि साल काढून खायचे फळ हे आणखी सोपे, कारण त्यात स्वयंपाकघराने काही मिसळलेलेच नसते. मात्र कोणाला काय चालते हे ज्याच्या त्याच्या आजारावर ठरते.

रक्तदाब आणि मूत्रपिंड: प्रश्न मिठाचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. त्यात दिवसभराचे सगळे आले. लोणचे, पापड, फरसाण आणि सोया सॉस घातलेले चायनीज पदार्थ यांत मीठ भरपूर असते. ताटात लोणचे-पापड न मागता आले तर ते लगेच परत पाठवावे; समोर राहिले की हात जातोच. सैंधव मीठ म्हणजे पथ्याचे मीठ, हा समज चुकीचा आहे. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण त्यातून मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना वगळले आहे. ज्यांना पोटॅशियम कमी करायला सांगितले आहे त्यांच्यासाठी नारळपाणी आणि केळी हेही ‘हलके खाणे’ नव्हे.

मधुमेह: प्रश्न वेळेचा आणि प्रमाणाचा

भाऊजींच्या प्रसंगातून आम्ही धडा घेतला. जेवणाआधी घ्यायचे इन्सुलिन बाहेर असताना ताट समोर आल्यावरच घ्यावे. कोणत्या प्रकारचे इन्सुलिन आहे त्यावर हे अवलंबून असल्याने एकदा आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. साखर उतरून थरथर, घाम, घाबरल्यासारखे वाटणे सुरू झाले आणि माणूस शुद्धीवर असला, तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यातून द्यावी. 15 मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तितकीच द्यावी आणि मग काहीतरी खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला सरळ दवाखान्यात न्यावे.

आपल्या भागात भात हे मुख्य अन्न, आणि थाळीत तो हवा तितका वाढतात. पोट भरेपर्यंत भात वाढून घेण्यापेक्षा आधी भाजी, काकडी आणि वरण संपवावे, मग मोजका भात घ्यावा. गूळ घातलेला चहा साखरेच्या चहापेक्षा मधुमेह्याला चांगला, हाही गैरसमजच. रक्तातली साखर गुळानेही वाढते.

गहू न चालणारे: प्रश्न कणाचा

सिलियाक नावाचा एक आजार आहे. यात गहू आणि जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते. मूल वाढत नाही, पोट फुगते, रक्त कमी होते. यावर औषध नाही. आयुष्यभर गहू बंद ठेवणे हाच उपाय. हा संबंध लक्षात आला तो हॉलंडमधल्या विलेम-कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासातून. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. 1950 साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

पोळी खाल्ली नाही म्हणजे झाले, असे येथे चालत नाही. बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून वरणाची फोडणी आणि सांबारही संशयास्पद ठरते. सोया सॉस गव्हापासून करतात. रवा इडली हा गहूच. साबुदाणा वडा निर्दोष, पण ज्या तेलात समोसे तळले त्यातच तो तळला तर पिठाचे कण त्याला लागतात. पोळीच्या तव्यावर टाकलेल्या डोशाचेही तसेच. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे असेल तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. यावरून थोड्याशा पिठाचेही किती महत्त्व आहे ते कळेल. अशा मुलासाठी बाहेर जाताना घरचा डबा हेच उत्तम.

शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीतही कणाचाच प्रश्न असतो. आपल्याकडे दाण्याचे कूट भाजीत, चटणीत, खिचडीत कुठेही पडते. पोह्यांतले दाणे वेचून बाजूला ठेवले म्हणजे भागत नाही. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विचारावे कसे?

‘पथ्याचे द्या’ असे सांगितले तर वेटरला काहीच कळत नाही. त्याच्या मनात पथ्य म्हणजे कमी तिखट. म्हणून आजाराचे नाव न सांगता वस्तूचे नाव सांगावे. आपल्या भागात हॉटेलात हिंदीच बोलावी लागते, तेव्हा वाक्य सरळ असावे: ‘भैया, दाल में हींग मत डालना, बच्चा बीमार हो जाता है।’ किंवा ‘सब्जी बिना ग्रेव्ही की, बिना नमक की बन सकती है क्या?’ दुसऱ्या वाक्याला ‘नाही’ असे उत्तर आले तर वाईट वाटून घेऊ नये. खरे बोलणारा हॉटेलवाला भला. ‘हो हो, चालेल’ असे न ऐकताच म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

शक्य असेल तर थेट आचाऱ्याला विचारावे, कारण ग्रेव्हीत काय पडले हे त्यालाच ठाऊक असते. गर्दीच्या वेळेआधी, म्हणजे साडेअकराच्या सुमारास किंवा संध्याकाळी सातला गेले तर त्याला ऐकायला सवड असते. घरातल्या रुग्णासाठी ‘काय चालत नाही’ याची चिठ्ठी मराठीत आणि हिंदीत लिहून पाकिटात ठेवावी.

कायदा काय सांगतो?

युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून हॉटेलांनाही 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. आपल्या देशात केंद्रीय परवाना असलेल्या किंवा 10 अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना जुलै 2022 पासून मेनूकार्डावर पदार्थांचे उष्मांक लिहावे लागतात आणि अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. नागपूरच्या मोठ्या साखळी हॉटेलात गेलात तर ती जरूर वाचा. आपल्या रस्त्यावरचा ढाबा किंवा खानावळ या नियमात बसत नाही. तेथे विचारणे हाच आपला मेनूकार्ड.

शाळेत आपण काय करू शकतो?

हा विषय फक्त मोठ्यांचा नाही. सहलीला जाताना, स्नेहसंमेलनात किंवा मित्राच्या वाढदिवसाला ‘मला हे चालत नाही’ असे म्हणायला मुलाला मोठ्या माणसापेक्षा जास्त धीर लागतो. ‘एक घास खा, काही होत नाही’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी सिलियाक किंवा अ‍ॅलर्जीच्या मुलाला तो घातक ठरू शकतो. विद्यार्थी मित्रांनो, कोणी नको म्हटले तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका आणि चिडवू तर मुळीच नका.

सिकलसेल असलेल्या मुलांना असे कोणते अन्न वर्ज्य नसते. पण शरीरातले पाणी कमी झाले की त्यांना तीव्र वेदनांचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून सहलीत त्यांच्याजवळ पाण्याची बाटली असावी आणि ती वारंवार भरली जावी.

विश्वस्तांना आणि शिक्षकांना दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. सहलीच्या संमतीपत्रात ‘पाल्याला काय खाणे चालत नाही’ असा एक रकाना असावा, आणि तो वाचून एका शिक्षकावर त्या मुलांची जबाबदारी द्यावी. तसेच कार्यक्रमाला आचारी ठरवताना एक भांडे वरण बिनहिंगाचे, बिनदाण्याचे आणि कमी मिठाचे वेगळे काढायला सांगावे, त्याला झाकण आणि पळीही वेगळी असावी. यासाठी खर्च जवळजवळ काहीच नाही, फक्त फोडणी पडण्याआधी कोणीतरी सांगायला हवे.

भाऊजी आता हॉटेलात बसताच पहिल्यांदा विचारतात, ‘जेवायला किती वेळ लागेल?’ मग बिनसाखरेचा चहा सांगतात. त्यात त्यांना आता काहीच लाज वाटत नाही.