नोकरी सुटली, आता विम्याचं काय? ‘कोब्रा’बद्दलचे गैरसमज

अमेरिकेत नोकरी गेल्याचा ईमेल आला की मराठी घरात दोन प्रश्न उभे राहतात: व्हिसाचं काय आणि विम्याचं काय? एच-वन-बीच्या साठ दिवसांचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. विम्याबद्दल मात्र ऐकीव माहितीवरच भागवलं जातं. काहींना वाटतं, भारतातल्या ग्रुप मेडिक्लेमसारखा हाही नोकरीबरोबर संपला. काहींना वाटतं, दीड वर्ष कंपनीच भरणार. दोन्ही समज चुकीचे आहेत. लहान कंपन्या चालवणारे आपलेच लोकही जबाबदाऱ्यांच्या बाबतीत तितकेच गाफील असतात.

ज्याला सगळे ‘कोब्रा’ म्हणतात, तो १९८५चा ‘कन्सॉलिडेटेड ऑम्निबस बजेट रिकन्सिलिएशन अ‍ॅक्ट’. अध्यक्ष रेगन यांनी त्यावर ७ एप्रिल १९८६ रोजी सही केली. अर्थसंकल्पाच्या भल्यामोठ्या विधेयकात आरोग्यविम्याची ही कलमं होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नोकरी सुटली तरी अठरा महिन्यांपर्यंत कंपनीच्या समूह विम्यात राहायची संधी मालकाने द्यायची आणि ती वेळेत कळवायची. पैसे देण्याचं बंधन त्याच्यावर नाही.

म्हणून ‘कंपनी अठरा महिने हप्ता भरते’ हा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. पूर्ण प्रीमियम, म्हणजे आजवर कंपनी भरत होती तो वाटासुद्धा, आणि वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च असा १०२ टक्क्यांपर्यंतचा आकडा तुमच्याकडून घेता येतो. केएफएफ या संस्थेच्या २०२४च्या पाहणीत कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर होता आणि त्यात कर्मचाऱ्याचा वाटा ६,२९६ डॉलर. म्हणजे पगारातून महिन्याला सव्वापाचशे डॉलर जात होते, तिथे कोब्रात पावणेबावीसशेच्या आसपास जाणार. नोकरी नसताना! विमा महाग झाला असं लोक म्हणतात. खरं तर तो आधीपासूनच एवढा महाग होता, पगाराच्या स्लिपवर दिसत नव्हता इतकंच. काही कंपन्या सेव्हरन्समध्ये दोन-तीन महिन्यांचा हप्ता भरतात, पण तो कराराचा भाग झाला. २०२१मध्ये एप्रिल ते सप्टेंबर सरकारने काढून टाकलेल्यांचा पूर्ण हप्ता उचलला होता. ती करोनाकाळापुरती सवलत होती.

‘मी स्वतः राजीनामा दिला, म्हणजे मला हक्क नाही’ हेही खरं नाही. राजीनामा, कपात, कामाचे तास घटल्याने विमा जाणं, सगळं यात बसतं. अपवाद फक्त ‘गंभीर गैरवर्तना’चा. त्याची व्याख्या कायद्यातच नाही, त्यामुळे शहाणा मालक त्या वाटेला सहसा जात नाही.

आता मालकांकडे वळू. ‘आमची कंपनी लहान, आम्हाला लागू नाही’ असं न्यू जर्सीतल्या कन्सल्टन्सी चालवणाऱ्यांकडून फार ऐकू येतं. आदल्या वर्षीच्या निम्म्याहून अधिक कामाच्या दिवसांत वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायदा लागू होतो. अर्धवेळ माणूस त्याच्या तासांच्या प्रमाणात अपूर्णांक म्हणून धरतात. एकाच मालकाने तीन कंपन्या काढून प्रत्येकीत दहा-दहा माणसं ठेवली तरी सुटका नाही, कारण मोजणी एकत्र होते. वीसच्या खाली असाल तर राज्याचा कायदा पाहायचा: कॅलिफोर्नियात २ ते १९ कर्मचाऱ्यांसाठी कॅल-कोब्रा आहे, आणि न्यूयॉर्क व न्यू जर्सीचेही आपापले नियम आहेत.

‘एचआरने शेवटच्या दिवशी तोंडी सांगितलं होतं’ हे तर कायद्याला अजिबात चालत नाही. मालकाने ३० दिवसांत प्लॅनच्या प्रशासकाला कळवायचं आणि प्रशासकाने पुढच्या १४ दिवसांत कुटुंबाला लेखी नोटीस पाठवायची. मालकच प्रशासक असेल तर एकूण ४४ दिवस. हे चुकवलं तर न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं, शिवाय करकायद्याखाली दर लाभार्थ्यामागे दिवसाला १०० डॉलर. मात्र नोटीस शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर साध्या टपालाने पाठवली की मालकाचं कर्तव्य संपतं. ती तुमच्या हातात पडल्याचा पुरावा त्याला द्यावा लागत नाही. आपल्याकडे घरं वरचेवर बदलतात आणि एचआरकडे दोन अपार्टमेंट मागचा पत्ता राहतो. नोकरी सोडताना लॅपटॉप परत करायच्या आधी पत्ता दुरुस्त करा.

नोटीस आली की घाईने सही करायची गरज नसते. निर्णयाला ६० दिवस मिळतात, नोटिशीची तारीख किंवा विमा संपल्याची तारीख यांपैकी जी नंतरची असेल तिथून. त्यानंतर पहिला हप्ता भरायला ४५ दिवस. समजा विमा ३१ मार्चला संपला आणि नोटीस १० एप्रिलची आहे. ९ जूनपर्यंत होकार देता येतो आणि त्या दिवशी दिला तर पैसे २४ जुलैपर्यंत भरता येतात. विमा मात्र १ एप्रिलपासूनचा धरला जातो. म्हणून बरेच जण थांबून पाहतात: नवी नोकरी मिळाली तर पैसे वाचले, मध्येच कुणी आजारी पडलं तर होकार द्यायचा. युक्ती कायदेशीर आहे, फक्त १ एप्रिलपासूनचे सगळे हप्ते भरायची तयारी हवी, आणि मधल्या काळात दवाखाना ‘विमा दिसत नाही’ म्हणून आधी रोख मागू शकतो.

होकार संपूर्ण कुटुंबाने एकत्र द्यावा लागतो, असंही नाही. विम्यात असलेला जोडीदार आणि प्रत्येक मूल यांचा हक्क स्वतंत्र आहे. गरोदर पत्नीपुरताच विमा चालू ठेवता येतो. घटस्फोट झाला किंवा मूल २६ वर्षांचं होऊन विम्याबाहेर पडलं, तर मुदत ३६ महिने असते, पण तिथे प्लॅनला ६० दिवसांत कळवायची जबाबदारी उलटी कुटुंबावर येते.

व्हिसाचा या हक्काशी संबंध नाही, आणि कोब्रा घेतल्याने अमेरिकेतलं वास्तव्य एक दिवसही वाढत नाही. कंपनी बुडाली आणि तिने समूह विमाच बंद केला, तर चालू ठेवायला काही उरतच नाही. तिथे कोब्रा संपतो. स्वतःचा विमा विकत घ्यायच्या सरकारी मार्केटप्लेसचं दारही नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवसच खास उघडं असतं. कोब्रा मध्येच स्वतःहून सोडला तर ते पुन्हा उघडत नाही, वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते.

शेवटचा गैरसमज पासष्टीच्या मंडळींचा: ‘कोब्रा आहे, मेडिकेअर नंतर घेऊ.’ मेडिकेअर या सरकारी विम्याच्या हिशेबात कोब्रा हा नोकरीचा विमा धरला जात नाही. उशीर झाला तर पार्ट बीच्या हप्त्यावर प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के जादा, आणि तेही सहसा कायमचे. वय ६५ झालं असेल, तर नोकरी संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करा. कोब्राची मुदत संपायची वाट पाहू नका.