घरात कुणालाच नव्हता, मग मला कसा?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की अनेक बायका हाच प्रश्न विचारतात. आनुवंशिकतेचा धाक मोठा आहे. पण आईवडिलांकडून आलेल्या बीआरसीए-१, बीआरसीए-२ यांसारख्या सदोष जनुकांमुळे होणारे कर्करोग शंभरातले जेमतेम पाच ते दहा.

मग बाकीच्यांचं काय? डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ साली ब्रिटनमध्ये ५०० रुग्ण स्त्रिया आणि हा आजार नसलेल्या ५०० स्त्रिया यांची माहिती ताडून पाहिली. उशिरा लग्न, कमी मुलं, अंगावर कमी पाजणं या गोष्टी रुग्णांमध्ये जास्त आढळल्या. धागा इस्ट्रोजेनचा आहे. पाळी बाराव्या वर्षाच्या आत आली, पंचावन्ननंतर गेली, तर स्तनातल्या पेशी या संप्रेरकाच्या प्रभावाखाली जास्त वर्षं राहतात. गरोदरपण आणि स्तनपान पाळीच्या चक्रात खंड पाडतात. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००२ मध्ये आला: एकूण बारा महिने स्तनपान केलं की धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून त्या वयातलं वाढलेलं वजन घातक. दारू तर थोडीही नको.

बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथल्यापेक्षा मुंबईतलं स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच जास्त आहे. राहणीमान बदललं की आजारही बदलतात.

तरीही कुणा बाईला ‘उशिरा मूल झालं म्हणून हे झालं’ असं ऐकवणं क्रूरपणाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण निम्म्या रुग्णांमध्ये बाईपण आणि चाळिशीपुढचं वय यांखेरीज दुसरा ठळक धोका सापडतच नाही. ही दोन्ही कारणं कुणाच्या हातातली नाहीत. तपासणी मात्र हातातली आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. या गटातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, सुई नाही.

तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घेता येते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. गाठ लागली, त्वचा ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.