त्वचेचे द्वार आणि औषधाची वाट
डॉ. समीर मित्रगोत्री यांच्या संशोधनकार्याचा परिचय

बारामती व इंदापूर तालुक्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यास प्रमेहाचा रुग्ण नवीन नाही. त्यातही इन्सुलिन घेणारा रुग्ण समोर बसला की एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टरसाहेब, रोजची ही सुई तेवढी चुकवा. एखादा लेप द्या, नाहीतर पोटात घ्यायचं काहीतरी द्या." गळीत हंगामात फडावर राहणाऱ्या कुटुंबास तर सुईइतकीच, किंबहुना तिच्याहून मोठी अडचण इन्सुलिन थंड ठेवण्याची असते. रुग्णाचा प्रश्न भाबडा वाटला तरी तो शास्त्राच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे. औषध उत्तम असूनही ते इच्छित स्थानी पोहोचविण्याची वाट सुखकर नसेल, तर त्या औषधाचे मोल उणावते.

याच वाटेचा शोध घेण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका शास्त्रज्ञाचा परिचय सुज्ञ वाचकांस करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. डॉ. समीर मित्रगोत्री हे त्यांचे नाव. मुंबईत माटुंगा येथील विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'यूडीसीटी'मधून, १९९२ मध्ये ते रसायन अभियंता झाले. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी या संस्थेत त्यांनी १९९६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. तेथे रॉबर्ट लँगर व डॅनियल ब्लँकश्टाइन हे त्यांचे मार्गदर्शक होते. प्रथिनांसारखे मोठे रेणू बहुवारिकांतून दीर्घकाळ संथपणे सोडता येतात, हे १९७६ मध्ये ज्यांनी दाखवून दिले तेच हे लँगर.

त्वचा : भिंत की द्वार?

त्वचेच्या सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच असते. परंतु पेशी विटांप्रमाणे आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य चुन्याप्रमाणे रचलेले असल्यामुळे ही भिंत अत्यंत चिवट असते. साधारणतः ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू तिच्यातून सहजी आत जात नाही, असा ठोकताळा आहे. इन्सुलिनचा रेणू सुमारे ५,८०० डाल्टनचा आहे. इन्सुलिनचा साधा लेप का चालत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

आपल्या आचार्यांनीही त्वचेकडे केवळ आवरण म्हणून पाहिले नाही. अभ्यंग, परिषेक, अवगाह व आलेप यांतील द्रव्यांचे पचन भ्राजक पित्त करते, असे सुश्रुताचार्य सांगतात. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात लेप केसांच्या उलट दिशेने लावावा असे सांगून त्याचे कारणही ते देतात : अशा रीतीने औषध नीट टिकते, रोमकूपांत शिरते आणि स्वेदवाही सिरामुखांतून त्याचे वीर्य आत पोहोचते. केशमूल ही औषध आत जाण्याची एक वाट आहे, हे आधुनिक त्वचाविज्ञानासही मान्य आहे.

ध्वनीने उघडलेली वाट

सांधेदुखीवर औषध चोळून वरून अतिध्वनी देण्याचा प्रघात १९५० च्या दशकापासून होता. मात्र त्यासाठी वापरला जाणारा ध्वनी फार उच्च वारंवारितेचा असे आणि त्याचे फळ अनिश्चित होते. मित्रगोत्री व त्यांच्या मार्गदर्शकांनी उलट दिशा धरली. त्यांनी वारंवारिता सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत खाली आणली. असा ध्वनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतो; ते त्वचेजवळ फुटले की स्निग्ध थरांची शिस्त काही काळ विस्कटते आणि मोठ्या रेणूंना वाट मिळते. इन्सुलिनसारखी प्रथिने या उपायाने मानवी त्वचेच्या तुकड्यातून पार जाऊ शकतात, हा निष्कर्ष १९९५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी मित्रगोत्री विद्यार्थीच होते.

यापुढील भाग आपण विशेष लक्षात घ्यावा. एवढ्या गाजलेल्या शोधातून रुग्णापर्यंत काय पोहोचले? या तत्त्वावरील 'सोनोप्रेप' नावाच्या उपकरणास २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती लिडोकेन हे बधिरतेचे मलम त्वचेत लवकर मुरावे यासाठी. ध्वनीने इन्सुलिन देण्याची पद्धत मात्र नित्य व्यवहारात आली नाही. प्रयोगशाळेतील त्वचेचा तुकडा आणि फडावरचा रुग्ण यांतील अंतर किती मोठे असते, याचा हा बोलका दाखला होय.

आकाराचे गूढ आणि वेलदोड्यातील आम्ल

मित्रगोत्री मात्र एकाच उपायाला चिकटून राहिले नाहीत. २००० पासून सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करीत असता त्यांनी औषधवाहक कणांच्या आकृतीकडे लक्ष वळविले. शरीरातील भक्षक पेशी कण गिळणार की नाही, हे केवळ त्याच्या लहानमोठेपणावर नव्हे, तर पेशीचा स्पर्श जेथे होतो तेथील आकृतीवरही ठरते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले. औषधाचे कण रक्तातील तांबड्या पेशींच्या पाठीवर बसवून इष्ट अवयवाकडे धाडण्याचे प्रयोगही त्यांनी केले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली आणि २०१७ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले.

२०१८ मधील त्यांचे काम आयुर्वेदीयांना विशेष कुतूहलाचे वाटेल. कोलीन हे पोषक द्रव्य आणि जेरॅनिक आम्ल यांच्यापासून केलेल्या द्रवात इन्सुलिन मिसळून, आतड्यात विरघळणाऱ्या कुपीतून ते उंदरांना तोंडावाटे दिले असता त्यांच्या रक्तातील साखर उतरली. शिवाय या द्रवातील इन्सुलिन शीतपेटीवाचूनही काही काळ टिकले. हे जेरॅनिक आम्ल निसर्गतः वेलदोड्यात व गवती चहात आढळते. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. वेलदोडा घातलेल्या दुधाने इन्सुलिन पोटातून लागू पडेल, असा अर्थ कोणी काढल्यास तो घातक ठरेल. प्रयोगातील द्रव विशिष्ट प्रमाणात घडविलेला होता आणि प्रयोग प्राण्यांवरचा होता.

आपण काय घ्यावे?

औषधाची वाट हा विषय आपणांस परका नाही. अनुपान, भावना, स्नेहपाक, मधाचे योगवाहित्व हे सर्व त्याच विचाराचे अंग होय. निमगाव केतकीच्या पानमळ्यांतील विड्याच्या पानाचा रस अनुपान म्हणून देताना आपण हेच करीत असतो. उणीव आहे ती मोजमापाची. अमुक तेल त्वचेत किती मुरते, लेपाचा पाया बदलल्यास काय फरक पडतो, याची नोंद आपल्यापैकी कितीजण ठेवतात? दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा पडदा बसवून औषध किती झिरपते हे मोजणारे साधे काचपात्र औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत वापरले जाते. आपल्या परिसरातील फार्मसीधारकांनी अशा महाविद्यालयांशी संबंध जोडून आपली तेले व मलमे तपासून घेतल्यास त्यात कमीपणा नाही, उलट प्रतिष्ठाच आहे. लेपाची जाडी ओल्या म्हशीच्या कातड्याएवढी असावी, शिळा लेप वापरू नये, लेपावर लेप देऊ नये, अशी बारीक मोजमापे सांगणाऱ्या सुश्रुताचार्यांचा वारसा आपण सांगतो. मग मोजण्याचा संकोच कशाला?

राहिला तो रुग्णाचा प्रश्न. फुप्फुसावाटे ओढण्याचे इन्सुलिन अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाले. परंतु सुईची जागा घेणारा लेप अद्याप आलेला नाही. म्हणून "सुई सोडा, आमचा लेप लावा" असे म्हणण्याचा मोह आणि तसे जाहिरातीत छापण्याचा मोह, दोन्ही आपण कटाक्षाने टाळावेत. ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याची सुई थांबविणे म्हणजे त्याच्या प्राणाशी खेळणे होय. पथ्य, व्यायाम व औषधी यांनी प्रमेह आवाक्यात येत असल्यास सुईची मात्रा तपासणीनिशी व संबंधित चिकित्सकाच्या संमतीनेच कमी करावी.

वर्षानुवर्षे त्या एका भिंतीशी झुंजलेला शास्त्रज्ञसुद्धा सुई सुटली असे म्हणत नाही. वाट शोधीत राहावे, मोजीत राहावे आणि न सापडलेली वाट सापडली असे रुग्णास सांगू नये, एवढे जरी आपण त्यांच्याकडून घेतले तरी हा परिचय सार्थकी लागला असे मी समजेन.